पालथा ग्लास

माझ्या सासऱ्यांनी कुणा गिऱ्हाइकाला "पुरे आता" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते ग्लास पालथा घालत. काउंटरवरून उठायचे, टेबलापाशी जायचे, समोरच्याचा रिकामा ग्लास उचलून खांद्यावरच्या पंच्याने आतून-बाहेरून पुसायचे आणि त्याच्याच पुढ्यात पालथा ठेवायचे. काचेवर कोरडा पंचा फिरला की बारीक 'चीं' असा आवाज व्हायचा. तो आवाज आला की त्या माणसाची त्या दिवसाची दारू संपली, मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाचा जावई. मागोमाग आतून भात आणि माशाच्या कालवणाची थाळी यायची. तो जेवेपर्यंत त्याच्या गाडीची चावी काउंटरमागच्या खिळ्याला लटकलेली असे, आणि जेवूनही चाल सरळ झाली नाही तर आमचा म्हातारा वेटर त्याला घरापर्यंत सोडून यायचा. सासरे स्वतः मात्र शेवटचं गिऱ्हाईक गेल्याशिवाय जेवत नसत.

आमची ही परमिट रूम विरारजवळच्या चांदीप गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. पुढे रस्ता, मागे आमचं घर, घरामागे भातशेती, मग खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध आणि बांधापलीकडे खाडी. मी इथे लग्न होऊन आले नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील मुंबईत कारकून. माझ्या आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, मुलीच्या सासरी हॉटेल आहे. तिथे चांगलं काय मिळतं असं कुणी विचारलं की ती चहा टाकायला उठायची.

सासऱ्यांनी मला पहिल्याच महिन्यात काउंटरवर बसवलं. नवऱ्याची सरकारी नोकरी, तो दिवसभर मुंबईत, आणि घरात हिशेबाला माझाच हात बरा होता. दारू विकायचा परवाना ज्या कायद्याने मिळतो त्याचं नावच दारूबंदी कायदा, हे ऐकून मी हसले, तर ते म्हणाले की हसू नकोस, नाव ध्यानात ठेव. आपल्याला मिळाली आहे ती बंदीच्या पोटातली परवानगी. मग त्यांनी नियम सांगितले. परमिट असल्याशिवाय द्यायची नाही. वय झालं नसेल तर द्यायची नाही, मिशा कितीही असल्या तरी. ड्राय डेला शटर बंद. परमिट रूममधली बाटली बाहेर न्यायची नाही. आणि जो आधीच प्यायलेला आहे त्याला आणखी द्यायची नाही. जवळच्या हायवेवरच्या बारमध्ये हा शेवटचा नियम भिंतीवरच्या चौकटीत असायचा आणि तिथेच राहायचा. आमच्याकडे तोच पहिला होता.

प्यायलेला ओळखायचा कसा, हेही त्यांनीच शिकवलं. "तोंडाकडं बघू नको गो, तोंड खोटं बोलतं. पाय बघ." टेबलाखाली माणसाचे पाय काढून ठेवलेली चप्पल शोधायला लागले आणि ती त्यांना सापडेना, की ग्लास पालथा घालायची वेळ झाली. मला हे खुळ्यासारखं वाटलं होतं. पण पुढे मी शेकडो पाय पाहिले आणि त्यांचं म्हणणं कधी चुकलं नाही.

ज्याचा ग्लास त्यांना सगळ्यात जास्त वेळा पालथा घालावा लागे तो त्यांचाच धाकटा मुलगा होता, माझा दीर. वाईट माणूस नव्हता तो. हसरा, कुणाच्याही घरचं लग्न स्वतःचं समजून राबणारा, मला वयनी वयनी करत मागे फिरणारा. पण बाटली दिसली की त्याचं भान सुटायचं. कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. सासऱ्यांना आजार जडला तेव्हा परवान्याचा प्रश्न आला. सरकारी नोकरीमुळे तो माझ्या नवऱ्याच्या नावावर करायची सोय नव्हती. सासूचं म्हणणं होतं की धाकट्याला द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. सासऱ्यांनी मला भागीदार करून घेतलं. सासूला ते एवढंच म्हणाले, की ज्याचा ग्लास रोज पालथा घालतो त्याच्या हातात मी बाटली देऊ का? सासूने ते ऐकून घेतलं, पण गिळलं नाही. घरातला मुलगा सोडून परक्याची पोर मालकीण झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते तर मलाही ते टोचलं असतं.

सासरे गेले. त्यांचे दिवस वगैरे सगळं झालं आणि आम्ही शटर उघडलं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. आत एकच गिऱ्हाईक होतं, वटार गावचा एक केळीवाला. तो हायवेच्या दुकानांना माल देऊन परतताना आमच्याकडे थांबायचा. त्याने आणखी एक मागितला. त्याच्यापुढे ग्लास सरळ ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. सोडा काढायला मी फ्रिजकडे वळले आणि पाठीमागे 'चीं' झालं. वळून बघते तर ग्लास पालथा. केळीवाला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याच्याकडे बघत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सगळी झिंग उतरली होती. तुम्ही ठेवलात का, असं त्याने मला विचारलं. मी फ्रिजपाशी होते हे त्यालाही दिसत होतं. मग त्याने स्वतःच हळू आवाजात भात मागितला.

मी तो ग्लास उचलला. टेबलावर सगळीकडे पाण्याचे ओघळ होते. ग्लासाखालची जागा तेवढी गोल, कोरडी होती. काचेवर बोटांचा ठसा नव्हता.

मी वेटरवर चिडले. धन्याच्या आठवणीने म्हातारा नाटकं करतोय असं वाटलं. त्याने पोटच्या पोराची शपथ घेतली, तरी माझा विश्वास बसला नाही. मग तो कारवारला आपल्या गावी रजेवर गेला आणि ग्लास पालथे होतच राहिले. रोज नाही. पण व्हायचे तेव्हा मी कुठेतरी वळलेली असायची, आणि आधी तो आवाज यायचा. एकदा कोपऱ्यातला एक गृहस्थ अगदी शुद्धीत दिसत होता. वर्तमानपत्रातली बातमी मला नीट वाचून दाखवत होता. त्याच्यापुढचा ग्लास पालथा झाला तेव्हा मला वाटलं, आज चुकलं बाबांचं. मी खाली वाकून पाहिलं. त्याचे पाय चप्पल शोधत होते.

मला भीती वाटायची हे नाकारत नाही. संध्याकाळी दिवे लावताना मी त्या खोलीत भिंतीला पाठ लावून चालायची. पण भीतीपेक्षा राग जास्त यायचा. एका दुपारी मी रिकाम्या खोलीत उभं राहून मोठ्याने म्हटलं की बाबा, मला येतं हे सगळं, तुम्ही शिकवलंयत, मेल्यावर तरी भरवसा ठेवा. त्या आठवड्यात एकही ग्लास पालथा झाला नाही, आणि मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

गावाने हे फार लवकर पचवलं. दोघे-चौघे घाबरून यायचे बंद झाले, बाकीचे येत राहिले. उलट आसपासच्या बायका नवऱ्यांना सांगू लागल्या की प्यायचीच असेल तर तिथे पी, गेलेला म्हातारा निदान घरी तरी पाठवेल. ग्लास पालथा झाला की माणसं नमस्कार करून चावी माझ्या हातात देत. जिवंतपणी सासऱ्यांशी हुज्जत घालणारेसुद्धा आता हुज्जत घालत नसत.

हुज्जत घातली ती फक्त दिराने.

ते उधाणाचे दिवस होते. अमावास्या जवळ आली की खाडीचं पानी बांधाला लागतं, असं इकडची माणसं म्हणतात, आणि त्या दिवसांत बांधावरून कोणी एकटं जात नाही. संध्याकाळी आम्ही नुकते दिवे लावले होते. दीर आला तो कुठेतरी पिऊनच. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. ती कुठे राहिली हेही त्याला ठाऊक नव्हतं. पायांकडे बघायची गरजच उरली नव्हती. त्याने फळीवरून स्वतःच ग्लास काढला, बापाच्या काउंटरसमोरच्या टेबलावर ठेवला आणि वेटरला हाक मारली. वेटरने माझ्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघतोय तेवढ्यात 'चीं' झालं.

दीर हसला. त्याने ग्लास सरळ केला. तो पुन्हा पालथा झाला. कसा, ते मला सांगता येणार नाही, कारण त्या क्षणी मी माझ्या हातातल्या थाळीकडे बघत होते. भात मी आधीच वाढून आणला होता. त्याने तिसऱ्यांदा ग्लास सरळ केला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

मी थाळी त्याच्यापुढे ठेवली. "भाऊजी, जेवून घ्या. ग्लास भरणार नाही."

"माझ्या बापाची दारू हाय, वयनी."

"परवाना माझ्या नावावर आहे. प्यायलेल्याला आणखी दिली तर कायदा मला विचारेल."

तो माझ्याकडे बघत नव्हता. ग्लासाकडे बघत होता. मग अगदी लहान आवाजात, मला नव्हे, म्हणाला, "बाबा, आता तरी सोड ना." त्याने हात काढले. ग्लास तसाच सरळ राहिला. पुन्हा पालथा होईल म्हणून आम्ही तिघेही वाट बघत होतो, पण काही झालं नाही. तेवढ्याने तो जास्तच दुखावल्यासारखा उठला आणि थाळीला हात न लावता मागच्या दाराने निघून गेला.

मी वेटरला त्याच्यामागे धाडलं. म्हाताऱ्याने शेतातून बांधापर्यंत त्याचा माग काढला, पण दिराने ढेकळं मारून त्याला परत पाठवलं. बांधाच्या टोकाला तेव्हा हातभट्टीची एक झोपडी होती. तिथे परमिट नाही, वय नाही, पाय बघणारं कोणी नाही. जितकी मागाल तितकी. नवरा मुंबईहून आल्यावर आम्ही कंदील घेऊन निघालो, तोवर भरतीचं पाणी बांधावरून वाहू लागलं होतं आणि पुढे जाता येईना. सकाळी पाणी ओसरल्यावर चिंबोऱ्या धरणाऱ्या माणसांना तो तिवरांच्या झाडीत सापडला.

सासू रडली नाही. आलेगेले उठून गेल्यावर ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "दोन घोट दिलं असतंस तं तो हितंच पडला असता, घरात. माझ्या पोराला तू कायदा पाजलास." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एका चुलीवर रांधायचो, पण ती माझ्या हातचं वाढून घ्यायची नाही, माझ्याबरोबर जेवायला बसायची नाही. काही हवं असलं तर भिंतीला सांगायची, नाहीतर माझ्या नवऱ्याला. मी एकदा नवऱ्यापाशी फार संतापले. म्हटलं, दारू देत राहिले असते आणि तो काउंटरपाशीच मेला असता, तर हीच बाई म्हणाली असती की वयनीने पाजून मारलं. नवरा म्हणाला, हो, म्हणाली असती. त्याचा भाऊ गेला होता, तो तरी आणखी काय बोलणार?

पण सासूचं ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं होतं. मी नियमाप्रमाणे वागले, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तरी रोज शटर उघडताना एकच गोष्ट मनात यायची, की मी ग्लास भरला असता तर तो जगला असता का. हे विचारावं असे एकटे बाबाच होते, आणि तेही बोलत नव्हते. कारण त्या संध्याकाळपासून ग्लास पालथे होणं बंद झालं.

एकही नाही. केळीवाला मान वाकडी करून करून वाट बघायचा आणि शेवटी स्वतःच उठायचा. ज्या खोलीत मी भिंतीला पाठ लावून चालायची ती आता नुसती खोली होती, आणि मला ती आधीपेक्षा जास्त भयाण वाटू लागली. बाबाही माझ्यावर रुसले, असं मी धरून चालले. मग मीच खांद्यावर पंचा घेतला. दोन हजार साल उलटलं होतं, विरारच्या नव्या बिल्डिंगींतली पोरं मोटरसायकलवर येऊ लागली होती. त्यांची वयं विचारली की ती चिडायची, ग्लास पालथा घातला की दात काढायची. मी चाव्या खिळ्याला लावायची, भात वाढायची. सगळं अगदी त्यांच्यासारखं. पण माझ्या पंच्याने काच पुसताना तो आवाज कधी आला नाही. मी कोरडा पंचा घेऊन पाहिला, ओला घेऊन पाहिला, त्यांचा जुना पंचा ट्रंकेतून काढून पाहिला.

दिराचं वर्षश्राद्ध झालं आणि मग पितृपक्ष आला. आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला पितरांची पानं ठेवतात, आणि पानावर त्या त्या माणसाला आवडायचं ते सगळं असतं. विडी ओढणाऱ्याला विडी, पिणाऱ्याला दारू. सासूने माझ्या नवऱ्याला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात, की माझ्या पोराच्या पानावर ग्लास काठोकाठ भरून ठेवायचा. तिथं तरी त्याला नको म्हणनारं कोन नाय. परमिट रूममधली बाटली घरी नेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून नवऱ्याने आदल्या दिवशी विरारच्या वाइन शॉपमधून आणली. सासूने तोंड वेंगाडलं, पण बाटली घेतली.

भर दुपारी मागच्या पडवीपुढे, सारवलेल्या जागेवर, तिने दोन पानं मांडली. दोन्हींवर भात, वडे, अळूची भाजी, खीर. सासऱ्यांच्या पानाजवळ पाण्याचं भांडं, कारण त्यांनी आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. दिराच्या पानावर भाजलेले सुके बोंबील आणि तो ग्लास, इतका भरलेला की ठेवताना तिच्या बोटांवर सांडला. माणसं दिसली तर कावळा येत नाही, म्हणून आम्ही आत येऊन दार लोटून घेतलं. नवरा पुढच्या खोलीत होता. ती दाराशी बसली, मी चुलीपाशी उभी राहिले. वारा नव्हता. बाहेर कावळ्याचा आवाजही नव्हता, आणि सर्वपित्रीच्या दुपारी तेच नवल होतं.

मग दारापलीकडे 'चीं' झालं.

सासूने मान वळवली आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. तो आवाज तिने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ऐकला होता.

दार तिनेच उघडलं. दिराच्या पानावर ग्लास पालथा होता, पुसून लख्ख. ग्लासाभोवतीचं पान कोरडं होतं, जमीन कोरडी होती, दारूचा वास कुठेच नव्हता. बोंबील जसेच्या तसे होते. कावळा आला असता तर त्याने आधी तेच उचलले असते. फक्त भात संपला होता. एक शीतही उरलं नव्हतं, आणि पानावर शेवटचा घास पुसून घेताना बोटं फिरतात तशा रेघा होत्या. शेजारी सासऱ्यांचं पान कुणीही न शिवलेलं, जसं वाढलं तसं होतं.

सासूने खाली वाकून दोन्ही पानं निरखली. मग तिने मला विचारलं, "त्या सांजंला तू थाली ठेवली हुतीस ना त्याच्यापुढं?"

मी हो म्हटलं.

"आज जेवला गो तो," ती म्हणाली. "ह्यांनी जेववला."

तिने त्या ग्लासाला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. आत आली, दोन पाट मांडले, आणि एकावर मला बसायला सांगून माझ्या ताटात भात वाढला.